घास गिळेपर्यंत

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा अख्खा वर्ग उठून उभा राहिला. पोरांना वाटलं, मॅडम आल्या. ती मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसली, पिशवीतून वही काढली, तेव्हा कुणाला तरी हसू फुटलं आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची काकू झाली. तिने मनावर घेतलं नाही. पस्तिशी उलटलेली बाई नुकतीच शाळा सुटलेल्या पोरांत येऊन बसली, तर काकू म्हणणार नाहीत तर काय म्हणणार!

शिक्षण होतं वाचा-उपचाराचं. अडखळत बोलणारी मुलं, उशिरा बोलू लागलेली मुलं, झटका येऊन वाचा गेलेली मोठी माणसं, या सगळ्यांना बोलतं करायचं शास्त्र. ती इकडे वळली ती सासूबाईंमुळे. सासूबाईंना झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. बोलणं म्हणजे एवढंच उरलं, "बाई गं." भूक लागली तरी बाई गं, पंखा लाव म्हणायचं तरी बाई गं. समजत मात्र सगळं होतं. प्रवेशाच्या मुलाखतीत तिने हेच सांगितलं. "दोन वर्षं मी त्यांना स्वतःच्या हाताने भरवतेय," असं ती म्हणाली तेव्हा समोरच्या तिघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली होती. जागा तिथेच पक्की झाली.

वर्गातही तिचा मान होता. चिमणी म्हणून एक किडकिडीत मुलगी होती, वर्गात सगळ्यांत लहान. ती तर शंका आली की पुस्तक उघडायच्या आधी हिलाच विचारायची. "काकूंनी प्रत्यक्ष केलंय सगळं," असं कुणी म्हटलं की ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणायची आणि आतून सुखावायची.

पहिलं सत्र संपत आलं तेव्हा गिळण्याचा तास आला. ज्या स्नायूंनी आपण बोलतो त्यांनीच गिळतो, त्यामुळे रुग्णाला भरवायचं कसं हेही याच शिक्षणात येतं. मॅडमनी टेबलावर दह्याचे कप, चमचे, बिस्किटं आणि कागदी रुमाल मांडले. जोड्या करायच्या. एकाने हात मांड्यांखाली दाबून बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, दुसऱ्याने भरवायचं.

"आधी कुणीतरी करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या माणसाला भरवलंय कुणी?"

सगळ्या माना मागे वळल्या. काकू उठली. चिमणी हौसेने खुर्चीत जाऊन बसली.

काकूने पदर खोचावा तशी ओढणी बांधली, चिमणीच्या गळ्यात रुमाल अडकवला आणि तिच्या डोक्याशी उभी राहिली. हाताला सवय होती. चमचा काठोकाठ भरायचा, वरून तोंडाशी न्यायचा, वरच्या दातांवर निपटून काढायचा आणि पहिला घास आत जातोय तोवर दुसरा तयार ठेवायचा. ओठावर सांडलेलं चमच्याच्या कडेनेच खरवडून परत आत. हे चालू असताना ती वर्गाशी बोलत होती. "बघा, यांना वेळ दिला ना, की घास गालात धरून बसतात. म्हणून हात थांबवायचा नाही."

चिमणीने मान वळवली. काकूने डाव्या हाताने तिची हनुवटी धरून सरळ केली. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं, घशात काहीतरी घुरघुरलं आणि तिला जोरात ठसका लागला.

"नाटकं नकोत हं," काकू म्हणाली. "गीळ मुकाट्याने."

काकूला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तो इथला नव्हता. घरातला होता, सासूबाईंच्या खोलीतला. हातातला चमचा तसाच राहिला.

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चिमणीला पाणी दिलं, ती सावरल्यावर विचारलं, "काय वाटलं गं?"

चिमणीने काकूकडे बघितलं आणि नजर खाली घातली. "काही नाही. म्हणजे... मला थांब म्हणायचं होतं. मान वळवली, पण..." तिने खांदे उडवले. "काकूंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं."

"आता जागा बदला," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

चिमणीने स्टूल ओढलं आणि समोर बसली, डोळ्यांना डोळे भिडतील अशी. अर्धाच चमचा भरून ओठांशी आणला आणि थांबली. काकूने तोंड उघडलं. दही जिभेवर आलं, पण गिळवेना. चिमणी वाट बघत राहिली, कसली घाई नसल्यासारखी, आणि अठरा वर्षांच्या पोरीच्या त्या नजरेसमोर काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांड्यांखालचे हात सोडवून तिने तोंड पुसलं आणि "येते मी" म्हणत बाहेर पडली.

जिन्याखाली पाण्याची टाकी होती, तिथे ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. जाणारे-येणारे बघत होते. आपल्याला ठाऊक नव्हतं, शिकवलं नव्हतं कुणी, अशी तिने मनाची समजूत घालून पाहिली. अर्धं खरंही होतं ते. पण बाकीचं अर्धं तिला चांगलं ठाऊक होतं.

सासूबाई आजाराआधी शिवणकाम करायच्या. हात जितका सफाईदार, जीभ तितकीच धारदार. हिने केलेल्या प्रत्येक भाजीत त्यांना खोट दिसायची, आणि ती पाहुण्यांसमोर बोलून दाखवायची खोड होती. झटक्यानंतर ती जीभ गप्प झाली, आणि भरवायचं काम हिच्याकडे आलं. घाई होती हे खरं, अंग मोडून जायचं हेही खरं. पण त्या घट्ट मिटलेल्या ओठांतून चमचा आत सारताना, आता बोला की, असं तिला कितीदा तरी वाटलं होतं. एका सकाळी तर सासूबाई तोंडच उघडेनात, तेव्हा हिने त्यांचं नाक चिमटीत धरलं होतं. श्वासासाठी तोंड उघडलं, तसा घास आत ढकलला. सासूबाई "बाई गं" म्हणाल्या होत्या, अगदी हळू. त्याच दुपारी नणंद आली आणि रिकामी वाटी बघून म्हणाली, "वहिनी, तू आहेस म्हणून आई आहे गं." आणि हिने ते ऐकून घेतलं होतं.

मॅडम तिला शोधत खाली आल्या. तिने त्यांना नाकाचं सोडून सगळं सांगितलं. ते मात्र जिभेवर येईना.

"घरी गेल्यावर आधी खाली बसा," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या समोर. घास गिळेपर्यंत चमचा वाटीत राहू दे. बाकीचं पुढच्या तासाला बघू." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि पुढच्या तासाला या."

घरी नवरा नुकताच कामावरून आला होता. "सूप गरम करून ठेवलंय," तो म्हणाला. "मी दोन चमचे देऊन बघितले, माझ्याकडून घेतच नाही ती. तुलाच जमतं बुवा."

ती वाटी घेऊन खोलीत गेली. तिचं पाऊल वाजताच सासूबाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. रोजच ओढत असणार. ते तिला आज दिसलं.

तिने पाठीशी उशा लावून त्यांना नीट बसवलं, स्वतः खुर्ची ओढून समोर बसली. "आई," ती म्हणाली, "मी तुम्हाला फार वाईट भरवलं. मुद्दाम त्रास दिला. त्या दिवशी नाक दाबलं, ते..." सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत माफी नव्हती, रागही दिसत नव्हता. कापडात दोष आहे का हे बघावं तसं त्या तिला बघत होत्या.

तिने अर्धा चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. ती थांबली. बाहेर नवऱ्याने टीव्ही लावला, बंद केला. हात भरून आला तरी तिने चमचा पुढे रेटला नाही, खाली ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला. शेवटी ओठ किंचित उघडले. घास आत गेला, गालातून फिरला, गळ्याशी हालचाल झाली. मग दुसरा. सूप पार गार झालं. काही घासांनंतर सासूबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

"बस?" तिने विचारलं.

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या.

तिने रुमालाने त्यांचे ओठ टिपले आणि वाटी उचलली.

"अगं, अर्धी वाटी तशीच आहे की," नवरा स्वयंपाकघरात म्हणाला.

"नको म्हणाल्या."

"आई? नको म्हणाली?"

"रोजच म्हणायच्या. मी ऐकत नव्हते." आणि मग ओट्याशी उभी राहून तिने त्याला सगळं सांगितलं, नाक दाबल्याचंही. मॅडमना ते सांगता आलं नव्हतं. तो नळ चालू करून वाटी घासत राहिला, ती स्वच्छ झाल्यावरही घासत राहिला. मग हात न पुसताच आईच्या खोलीत गेला. तिला आत जायचा धीर झाला नाही.

पुढे बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. संध्याकाळचं जेवण लांबत गेलं, अभ्यास मागे पडला, एका विषयात ती जेमतेम पास झाली. सासूबाई कधी खायच्या, कधी नाही. तिचं पाऊल वाजलं की चादर मात्र अजूनही वर जायची. नणंदेने फोनवर पुन्हा कौतुक केलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला तसं म्हणू नका. रविवारी या, समोर बसून सांगते."

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे गिळण्याच्या पुढच्या तासाला ती गेली होती. वर्गात कुणी मागे वळून पाहिलं नाही. चिमणीने तिच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती. ती बसली, पण तास संपेपर्यंत तिला चिमणीकडे बघवलं नाही.