खालची बाव, वरची बाव

"काका, परत लावा. टिंब कुठं संपतंय तेच कळत नाय," म्हणत विमलाने पेन्सिल खाली ठेवली.

गंगारामांनी डाव्या हाताने बटण दाबलं. टीव्हीला जोडलेल्या त्या काळ्या, रबरी बटणांच्या कॉम्प्युटरमधून तारेचा, मोर्सच्या टिंब-रेघांचा सूर निघाला, पण घशात कफ अडकल्यासारखा घरघरत.

"ह्याला पण खोकला झाला काय?"

"हसू नको गो."

तीस वर्षं गंगाराम बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. त्यांचं कट्ट-कडकट्ट ऐकलं की एडनच्या बंदरातला माणूसही त्यांचा हात ओळखायचा. गेल्या शिमग्यात तोच उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून हात म्हणजे हे यंत्र. विमलाची बिनतारी संदेशाची परीक्षा आठवड्यावर आली होती. आज सूर निवळला नाही, तर तिला मुंबईच्या क्लासला धाडायचं आणि पडवीतली ही शाळा मिटायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"मी तर सगळं नीट लादलंय," ते पुटपुटले. "जड माल तळाशी. प्रोग्रामच्या आज्ञा सगळ्या मेमरीच्या अगदी बुडाला रचल्यात."

इतक्यात टेकाडावरून घागर घेऊन त्यांची बायको दमयंती आल्या, गुणगुणत:

*खालल्या गं बावीवरी, पाण्याआधी बोलाचाली*
*वरल्या गं बावीवरी, घागर माझी भरून आली*

"दाराशी बाव असून वर चढलीस ती?" गंगारामांनी विचारलं.

"खाली गोदूबाई आहे. दोघींना रहाट एक. तिनं ओढला की मी थांबायचं, मी ओढला की तिनं. वर कोण नाय."

"दोघींना रहाट एक..." गंगारामांनी तेच घोळवलं. मग त्यांनी यंत्रासोबतचं पुस्तक ओढलं. पडद्यावरचं चित्रही मेमरीच्या बुडातूनच उपसलं जातं, सेकंदाला पन्नास वेळा. त्याची पाळी चालू असली की प्रोसेसरने ताटकळायचं, आणि सूर घरघरायचा. वाचलं होतं त्यांनी हे. पण दर्यावर्दी माणूस, माल तळाशी भरायची सवय सोडवेना.

"विमल, माल वर चढवायचा. मेमरीतल्या बत्तीस हजार घरांच्या वर. तिथं चित्राचा रहाट नाय."

विमला आकडे सांगत गेली, गंगाराम एका बोटाने ठोकत गेले. उन्हं पडवीच्या पायरीवरून उतरली. मग त्यांनी मजकूर भरला, पडदा तिला दिसू नये असा फिरवला आणि बटण दाबलं.

पन्हळीतून थेंब पडावेत तसा सूर सुटला. एकेक, सुटा, निवळ. विमलाची पेन्सिल न अडखळता धावली.

"वाच."

तिने रोमन अक्षरं जुळवली, हसू दाबायला पदर तोंडाला लावला आणि वाचलं, "दमयंती, चहा ठेव."

"ठेवलाय कधीचा," आतून आवाज आला. "दूध कमी आहे."

"उद्या सकाळी लवकर ये," गंगाराम विमलाला म्हणाले. "वेग वाढवू."

बोटीवरून आणलेला, तार ठोकायचा पितळी खटका शेजारी होता. त्यावर त्यांचा उजवा हात निवांत पडला होता, पाळी दुसऱ्याला देऊन बसलेल्या माणसासारखा.