कोरडा कागद

एप्रिलमधल्या पहिल्या कडक उन्हाच्या दिवशी मी आर्वोची गाडी गॅरेजबाहेर काढली, आणि पाहते तर गिअरभोवतीच्या काळ्या चकचकीत पट्टीवर बारीक ओरखड्यांचं जाळं पसरलेलं. गॅरेजच्या दिव्यात ते कधी दिसलं नव्हतं. मी डोकं हलवलं की जाळंही सरकायचं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळंच वर्तुळं. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, प्रकाश त्यातले ठरावीकच उजळतो आणि आपल्याला वर्तुळ दिसतं. कॅनडातल्या थंडर बेच्या शाळेत तीस वर्षं मी हे पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकवत होते. स्वतःच्या घरात मात्र ते पहिल्यांदाच पाहत होते.

आर्वो माझा मुलगा. चार वर्षांपूर्वी तो दूर पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला, जहाजदुरुस्तीच्या कामावर गेला. जाताना त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सांभाळ हं आई. येतोच." त्यानंतर तो दोनदा नाताळात विमानाने आला नि चार दिवस राहून गेला. गाडी इथेच राहिली. गाडी इथे आहे म्हणजे तो पुरता गेलेला नाही, असं मी धरून चालले होते.

गेल्या महिन्यात फोनवर त्याने विचारलं होतं, "आपल्या बंदरावर वेल्डरांची भरती चालू आहे का गं?" मी दुसऱ्याच दिवशी जाऊन चौकशी केली. भरती चालू होती. एका बिंदूतून हवी ती रेघ काढता येते, म्हणून एका मोजणीवर विश्वास ठेवू नका, असं मी मुलांना बजावत असे. मी मात्र मला हवी ती रेघ काढली. त्याच्या खोलीचे पडदे धुतले. खिडकीची कडी दुरुस्त करून घेतली. मग मंगळवारी त्याचा फोन आला, "शनिवारी येतोय. गाडी ठीक आहे ना?"

"नव्यासारखी आहे," मी म्हणाले होते.

शेजारचे व्हेइको सालमेला कुंपणापलीकडून पाहत होते. त्यांचं आयुष्य गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात आणि रंगवण्यात गेलं. मी हाक मारायच्या आतच ते आले, दारातून वाकले आणि शीळ घातली.

"बाई, आत मांजर पाळलं होतं का?"

"चेष्टा नको. दर रविवारी पुसते मी."

"कशाने?"

"स्वयंपाकघरातल्या हात पुसायच्या कागदाने."

"ओल्या?"

"कोरड्या. पाण्याचे डाग पडतील म्हणून."

त्यांनी टोपी काढून छातीशी धरली. "चार वर्षं, दर रविवारी. म्हणजे दोनशे वेळा काचपेपर फिरवलात की! धूळ म्हणजे काय असते बाई? वाळूच. तुम्ही पुसलीच नसती तर ही आज आरशासारखी असती."

मी पट्टीवरून बोट फिरवलं. ते वरमले. "अहो, सगळेच करतात. माझी बायकोसुद्धा. थांबा, पॉलिशचा डबा घेऊन येतो."

त्यांनी आधी साबणाच्या पाण्याने पट्टी भिजवली आणि मऊ कापडाने, न दाबता, धूळ उचलून घेतली. मग माझा अंगठा धरून नख ओरखड्यांवरून आडवं फिरवायला लावलं.

"अडकतंय?"

"नाही."

"मग जातील. नख अडकलं असतं तर मी हात जोडले असते. आता कडांना चिकटपट्टी लावा. हा स्पंज, आणि पॉलिश वाटाण्याएवढं. जोर नको, प्लास्टिक तापतं. एका वेळी तळहाताएवढीच जागा."

मी घासू लागले. पांढरा थर विरळ होत गेला.

"हे भरतंय ना आत?" मी विचारलं.

"शास्त्राच्या बाई तुम्ही, आणि मला विचारता? ओरखडा भरत नाही. आजूबाजूचं सगळं झिजवून त्याच्या पातळीला आणायचं. म्हणून म्हणतो, बेतानं. थर पातळ आहे, दहादा नाही करता यायचं."

दुपारपर्यंत आम्ही चार वेळा विजेरी तिरपी धरून पाहिलं. चौथ्या वेळी वर्तुळं दिसली नाहीत. काळ्या पट्टीत फक्त माझा चेहरा होता, आणि त्यामागे व्हेइकोंची टोपी.

"आता पोरगा येईल आणि त्याला काही कळणारही नाही," ते म्हणाले. "चांगल्या कामाचं असंच असतं."

शनिवारी आर्वो आला. गाडीत बसला, पट्टीवर हात टेकला आणि म्हणाला, "आई, तू ही कधी चालवलीसच नाही का?" मग त्याने फोटो काढून रेनीला पाठवला. रेनी त्याच्याबरोबर राहते. रात्री जेवताना त्याने काटा खाली ठेवला.

"समोर बसूनच सांगायचं होतं. जुलैत बाळ येतंय. आता तिकडे दुसरी गाडी लागणार, म्हणून ही घेऊन जातो."

मी उठून त्याला जवळ घेतलं. आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. वेलदोड्याचा पाव कापता कापता मी विचारलं, "आणि बंदरावरची भरती?"

"ती होय? कामावरच्या एका पोराची बायको इकडची आहे, त्याच्यासाठी विचारलं होतं."

"चालू आहे म्हणावं," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी तो निघाला तेव्हा मी कोट घालून दारात उभी होते. "निपिगॉनपर्यंत येते तुझ्याबरोबर."

"अगं, आणि परत?"

"बस आहे दुपारी."

तो हसला. "तू म्हणजे ना!" पण त्याने बाजूच्या सीटवरची पिशवी मागे टाकली.

तासाभराचा रस्ता. डावीकडे झाडीत अजून बर्फ होता. तो बाळाच्या खोलीबद्दल बोलला, रेनीच्या आईबद्दल बोलला, मला ऑगस्टमध्ये नक्की ये म्हणाला. निपिगॉनला हमरस्त्यालगतच्या हॉटेलात आम्ही खिडकीपाशी बसलो. गाडी समोरच उभी होती.

"एक विचारू?" मी म्हणाले. "जाताना येतोच म्हणालास. खरंच येणार होतास?"

त्याने कप फिरवला. लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा तो लगेच उत्तर द्यायचा. आता वेळ घेतला.

"हो. खरंच. म्हणून तर गाडी ठेवली."

"कधीपर्यंत?"

"पहिल्या हिवाळ्यापर्यंत असेल. मग तिकडेच रमलो. तुला सांगायला हवं होतं, नाही? मला वाटलं, तुला कळलं असेल."

"कळायला हवं होतं," मी म्हणाले.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. त्याला उजेडातच पुढच्या वावा गावापर्यंत पोचायचं होतं. अंधारात मूस, ती घोड्याएवढी हरणं, रस्त्यावर येतात. हे मला माहीत होतं. तरी मी वाढणारीला खूण करून आणखी एक कॉफी मागवली आणि ती जितकी हळू पिता येईल तितकी हळू प्यायले.