प्रणवचा शेवटचा आकडा

आठ कोटी बहात्तर लाख बहात्तर हजार नऊशे त्रेसष्ट. हा आकडा विद्युल्लतेच्या डोक्यात वर्षभर ठाण मांडून बसला होता. देवासच्या टेकडीवर देवीच्या पायऱ्या चढताना तोच, भाजी चिरतानाही तोच.

आकडा धाकट्या भावाचा, धारच्या प्रणवचा. दोघंही गणिताचे मास्तर, दोघंही एकसारखे हट्टी. खेळ लहानपणापासूनचा. एकानं मोठा आकडा द्यायचा, दुसऱ्यानं तो कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे ते हातानं शोधायचं. यंत्र वर्ज्य. आणि अवयव सापडेपर्यंत कुणीच कुणाला फोन करायचा नाही. हा आकडा प्रणवनं एका संध्याकाळी मोबाइलवर पाठवला आणि पहाटे तो हृदयविकारानं गेला.

तेव्हापासून तिचे भागाकार चालूच होते. प्रणव पक्का आळशी. सदतीस, त्रेचाळीस असलं काहीतरी लहानसं लपवायचा. म्हणून तिनं नेहमीसारखी खालून सुरुवात केली. हजार ओलांडले, पाच हजार ओलांडले. दर भागाकाराला कानाशी त्याचा आवाज यायचा, "बाकी उरली, अक्का!" आधी ती दचकली, मग चिडली, पुढे पुढे त्या आवाजाची वाट बघू लागली. मुलगा अंशुल म्हणाला, "आई, कम्प्यूटरवर एक सेकंद लागेल यार." ती त्याच्यावर खेकसलीच. मेलेल्या भावाशी लबाडी करायची? जाताना त्याला काय सांगायचं होतं ते त्या आकड्यातच आहे, असं तिनं धरून ठेवलं होतं. तेवढं कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

वर्षश्राद्धाला ती धारला गेली. ब्राह्मण जेवून उठले, तशी प्रणवची बायको अल्पना तिच्याशेजारी येऊन टेकली.

"वन्सं, वर्षभर बोलायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी यांच्या छातीत दुपारपासूनच दुखत होतं. मी म्हटलं, चला हॉस्पिटलात. तर म्हणे, रुक जा जरा, अक्काचा फोन येऊ दे, तिच्याशी बोलून निघू. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. तर म्हणे, नियम आहे. आणि आज मुद्दाम सोप्पा दिलाय, एक मिळवला की झालं. मला काय समजतं त्यातलं?"

विद्युल्लतेनं एक मिळवला. श्राद्धाच्या पानांभोवती घातलेलं भस्म अजून पुसायचं होतं. त्यातच बोटानं वर्गमूळ काढलं. नऊ हजार तीनशे बेचाळीस, नेमकं. म्हणजे अवयव त्याच्या मागचा एक आणि पुढचा एक. एकाच गावात नांदलेल्या देवासच्या थोरल्या नि धाकट्या पातीच्या संस्थानांसारखे, अगदी शेजारी शेजारी. वरून, वर्गमुळापासून बघितलं असतं तर चहा निवायच्या आत सुटलं असतं. ती मात्र खालून चढत बसली होती.

"सुटलं का, वन्सं?" अल्पनानं विचारलं. "काय सांगायचं होतं यांना?"

"काही नाही गं. लवकर फोन कर, एवढंच."

एवढं बोलून तिनं तोंडात पदर कोंबला, तरी हुंदका बाहेर पडलाच.