बासष्टपैकी बासष्ट

मस्टरबाईंच्या नादी लागू नये, असं अख्खा बस डेपो म्हणायचा. तीस वर्षं त्यांनी तिथे ड्रायव्हर-कंडक्टरांची हजेरी लिहिली, पण पाच मिनिटं उशिरा आलेल्याला कधी वेळेवर आलेला दाखवलं नाही, मग तो सख्खा दीर का असेना. दीर अजून बोलत नाही, ते सोडा. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, गावं हिंडतात. बाईंनी नगरसेवक धरला.

त्याला कारण होतं. बाईंच्या नवऱ्याच्या पायाला साखरेपायी जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. गल्लीच्या टोकाला पालिकेचा दवाखाना होता, तिथली सिस्टर रोज सकाळी पट्टी बदलायची. एक दिवस चुकला तर अंगठ्यावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमका तोच दवाखाना पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायचा ठराव निघाला. नगरसेवक दारोदार सांगत फिरायचा, "मावशी, माझ्या जिवात जीव आहे तोवर दवाखाना हलणार नाही."

बाईंनी नवंकोरं मस्टर विकत आणलं आणि पालिकेच्या सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसल्या.

तिथला कारभार बघून त्यांचं डोकंच फिरलं. मतदान हात वर करून व्हायचं आणि कागदावर नुसतं 'बहुमताने मंजूर' असं यायचं. कोणाचा हात वर होता, कोणाचा खाली, याची नोंद कुठेच नाही! चोरांची चैनच की. मग बाईंनीच रकाने आखले. पहिला हजेरीचा, दुसरा ठरावाचा, तिसरा हाताचा, चौथा बाहेर येऊन काय बोलला त्याचा. पाच वर्षांत बासष्ट सभा झाल्या. बाईंनी एकही चुकवली नाही. दवाखान्याच्या ठरावावर तीनदा मतदान झालं आणि तिन्ही वेळा पठ्ठ्याचा हात वर, दवाखाना पाडायच्या बाजूने. तिसऱ्या वेळी तर तो फोनवर बोलत होता, रिकामा हात तेवढा वर केला. ठराव मंजूर झाला तो एका मताने.

निवडणूक तोंडावर होती म्हणून कुलूप लावायचं मागे पडलं. विरोधात एक शिंपी उभा होता. निवडून आलो तर पहिल्याच सभेत ठराव फिरवायला लावतो, असं त्याने लिहून दिलं. एका मताचाच तर प्रश्न होता. बाईंच्या जिवाला उभारी आली.

सगळं मस्टर एका पानात बसवून त्या छापखान्यात गेल्या. छापखानेवाला भला माणूस. तो म्हणाला, "मावशी, दवाखान्याचं वर घ्या, मोठ्या अक्षरांत. हजेरी कशाला?"

"मस्टरमध्ये हजेरी आधी येते," बाई म्हणाल्या.

"अहो, पण तो सगळ्या सभांना हजर होता!"

"होता, तर होता लिहायचं. मी कोणाची हजेरी खाल्लेली नाही आजवर."

पहिली ओळ छापली गेली, 'सभा बासष्ट, हजर बासष्ट.' दवाखान्याचं चौथ्या ओळीत.

दोन दिवसांत घरोघरी दुसराच कागद येऊन पडला. नगरसेवकाचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'बासष्टपैकी बासष्ट! हे मी नाही, मस्टरबाई सांगतात.' बस, एवढंच. बाई तणतणत त्याच्या कचेरीत गेल्या.

"बाकीच्या ओळी कुठे गेल्या रे?"

"कागद लहान पडला, मावशी," तो गोड हसून म्हणाला. "बसा ना. चहा सांगू?"

मग बाई रस्त्यात उभ्या राहून एकेकाला चौथी ओळ वाचून दाखवायला लागल्या. भाजीवालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते माहीत आहे हो बाई सगळ्यांना. हात सगळेच वर करतात. हा निदान येतो तरी." पालथ्या घड्यावर पाणी!

तो अकरा मतांनी निवडून आला. पुढच्याच आठवड्यात दवाखान्याला कुलूप लागलं. मोठं रुग्णालय दोन बस बदलून, आणि नवऱ्याला तर आताशा जिना उतरवेना. म्हणून बाईंनी औषधाच्या दुकानातून गॉज आणलं आणि स्वतःच पट्टी करायला बसल्या. सिस्टरचा हात वेगळा असतो.

"एक सांगू? रागावू नकोस," नवरा म्हणाला. "मी मत त्यालाच दिलं."

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. "अहो, पण तुम्ही माझा कागद वाचला होतात ना?"

"सगळा वाचला. तू शिंप्याच्या प्रचाराला गेली होतीस तेव्हा तो घरी आला होता. काका म्हणून इथे खाली बसला, पाय बघितला. दुखतं का, विचारलं." त्याने पाय जरा सरकवला. "तू गॅलरीत असायचीस गं. सभेच्या दिवशी मी भिंत धरून एकटाच जायचो पट्टीला. एकदा पायरीवर पडलो होतो. तुला सांगितलं नाही, तुझी सभा होती."

आपलेच दात नि आपलेच ओठ. किती दिवस एकटा गेला, हे विचारायची बाईंना सोय नव्हती. आकडा त्यांना पाठ होता. त्यांना रडू फुटलं.

अंगठा कडेने काळा पडायला लागला होता. त्यांनी डोळे पुसले आणि पट्टी गुंडाळायला घेतली.

"घट्ट झाली गं जरा," नवरा म्हणाला.

बाईंनी ती सोडली आणि पहिल्यापासून बांधायला लागल्या.