सर्पकोठडीचा प्रसंग

शके १८५०, पौष मास, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आठवड्यातील गुरुवार. स्थळ सोलापूर, शुक्रवार पेठेतील एका साप्ताहिकाचा छापखाना. येथे, भर दुपारी, रामहरी गोविंद कासेगावकर यांनी आयुष्यात प्रथमच न पाहिलेल्या चित्रपटाचे परीक्षण लिहिले.

रामहरिपंत शाळेत मराठी शिकवीत आणि आबासाहेबांच्या या साप्ताहिकात मूकपटांना झोडपीत. झोडपीत म्हणण्याचे कारण असे की, मूकपट ही कला आहे हेच मुळी त्यांना मान्य नव्हते. जेथे शब्द नाही तेथे रस कोठून येणार, असा त्यांचा सवाल असे. आणि कोणी उत्तर द्यायला पुढे आलाच, तर पंत त्याला भर रस्त्यात उभा करून त्याची शेंडी उन्हात वाळेपर्यंत सोडीत नसत. परंतु ज्याला झोडपायचे ते आधी नीट पाहिले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. सिनेमागृहाचे मालक मल्लप्पा दर बुधवारी रिकाम्या गृहात एकट्या पंतांसाठी नवा चित्रपट चालवीत. त्या वेळी पेटी-तबलाही मुका ठेवावा लागे. सुरांनी आपला निर्णय फितवू नये, अशी पंतांची अट होती.

या दंडकाचा प्रसाद शिवयोगीला मिळाला होता. शिवयोगी गावातल्या दुसऱ्या एका पत्रात लिहीत असे. त्याने एकदा नुसती जाहिरात वाचून परीक्षण लिहिले. पंतांनी ते ताडले, त्याच्यावर लेखामागून लेख लिहिले, आणि शेवटी त्या पत्राच्या चालकांनी त्याला घरी बसवले. पुढे मल्लप्पांनीच त्याला कामावर घेतले. पडद्यावर उमटणाऱ्या पाट्या तो खणखणीत आवाजात मराठीतून आणि कानडीतून वाचून दाखवी, कारण निम्म्याअधिक प्रेक्षकांची अक्षराशी ओळख नव्हती.

त्या आठवड्यात चित्रपटाच्या रिळांची पेटी कुर्डुवाडीला चुकून बार्शीच्या गाडीत चढली. बुधवार कोरा गेला. गुरुवारी आबासाहेब पंतांच्या समोर येऊन बसले.

"यात्रेचा अंक आहे, पंत. मोडनिंब, टेंभुर्णीपासून माणूस आलंय. पान कोरं सोडू?"

"सोडा."

"आणि लोकांना काय सांगू? पंत मवाळ झाले म्हणू? की मूकपटाला आता त्यांची हरकत राहिली नाही म्हणू?"

हा टोमणा वर्मी लागला. मल्लप्पांनी पाठवलेली कथासाराची पुस्तिका मेजावर होती. संशयी राजा आपल्या राणीला सापांनी भरलेल्या कोठडीत लोटतो, असा प्रसंग तीत पानभर रंगवला होता. बीभत्सावरची काही वाक्ये पंतांच्या मनात कित्येक महिने घासूनपुसून तयार होती. त्यांना योग्य स्थळ मिळत नव्हते, ते आज मिळाले. पंतांनी टाक उचलला. राणीच्या मनगटाला विळखा घालणारा नाग त्यांनी असा उतरवला की छपाईचे खिळे जुळवणाऱ्याचे हात थबकले. आणि शेवटी निकाल दिला: इतका किळसवाणा प्रसंग सोलापूरच्या पडद्यावर आजवर कोणी पाहिला नसेल.

शनिवारी सायंकाळी सिनेमागृहाच्या दारावर लोक अक्षरशः लोंबकळत होते. सर्वांना तो किळसवाणा प्रसंग पाहायचा होता. पेटी त्याच दिवशी आली होती. पंत आबासाहेबांशेजारी वेताच्या खुर्चीत बसले. पडद्याखाली शिवयोगी उभा राहिला आणि चित्रपट सुरू झाला.

राजाचे शिपाई राणीला कोठडीच्या दाराशी आणतात. दार उघडते. आत जाण्यापूर्वी ती एकदा मागे वळून पाहते. पुस्तिकेत याचा उल्लेख नव्हता. त्या पाहण्यात शब्द नव्हता, तरीही पंत नकळत खुर्चीत पुढे सरकले. ते का, याचा विचार करण्यापूर्वीच पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि पुढच्या चित्रात राणी अरण्यातल्या एका आश्रमात फुले वेचत होती. कोठडी नाही, साप नाही. मुंबईच्या सेन्सॉरने, म्हणजे सरकारी परिनिरीक्षकांनी, तो भाग कापला होता. पुस्तिका त्याआधीच छापली गेली होती.

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग मागून आवाज आला.

"साप कुटं हायती?"

"पंतांनी बगितलेत की. पेपरात हाय."

"मल्लप्पानं कापून ठिवलंय. तिकीट आमचं पुरं आन् शिनुमा अर्दा."

बाके आपटू लागली. दिवे लावले गेले. कोणीतरी मल्लप्पांच्या अंगरख्याला हात घातला. पंत उठले. सत्य सांगायचे एवढाच विचार त्यांच्या मनात होता, तोच आबासाहेबांनी त्यांचे उपरणे धरले.

"बसा. तुम्ही एकटे बुडणार नाही. माझा छापखाना घेऊन बुडाल."

तेवढ्यात मल्लप्पा सुटून पडद्यापुढे आले आणि त्यांनी हात जोडले.

"मंडळी, साप हाईत. माझ्याकडं हाईत की. पण सरकारचा हुकूम हाय, बायकापोरांम्होरं दावायचं न्हाय. पंत विद्वान माणूस, म्हणून त्यांना तेवढं दावलं. हितंच बसल्यात, विचारा."

सगळे गृह वळले. बायकांच्या बाकांवरून चंद्रव्वा नावाची एक म्हातारी उठली. तिचा स्वर भांडणाचा नव्हता, खात्री करून घेण्याचा होता.

"व्हय का वो मास्तर, तुमी बगितलासा न्हवं?"

पंत उभेच होते. आबासाहेबांच्या मुठीत उपरणे होते, मल्लप्पांचे जोडलेले हात समोर होते, आणि पडद्याखाली शिवयोगी त्यांच्याकडे पाहत होता. पंतांची मान हलली. होकारार्थी हलली.

"मग ठीक हाय," चंद्रव्वा म्हणाली, आणि लोक बसले.

तेव्हापासून पंत सोलापुरातले सर्पकोठडी पाहिलेले एकमेव गृहस्थ झाले. पेठेत पानवाला त्यांना थांबवी. शाळेत मुख्याध्यापक दार लोटून घेऊन हळूच विचारीत, "राणी किंचाळते, की नुसती बघते?" न्हाव्याने तर वस्तरा गळ्याशी धरूनच विचारले, "नाग खरा व्हता का रबराचा?" पंत म्हणत, "खरा." ज्या माणसाने आयुष्यभर एक विशेषण पुराव्यावाचून वापरले नव्हते, तो आता रोज नवा तपशील पुरवू लागला, कारण कालचा तपशील आज अपुरा पडे. ते मागल्या गल्लीने जाऊ लागले. तेथेही लोक होतेच.

शेवटी त्यांनी आबासाहेबांना गाठले. "मी चित्रपट न पाहता लिहिले, एवढे एक वाक्य छापा."

"नाही छापणार," आबासाहेब म्हणाले. "आणि परीक्षण लिहायचं थांबलात, तर लोक कारण विचारतील. म्हणून थांबूही नका."

मल्लप्पा तेथेच पान खात बसले होते. ते प्रेमाने म्हणाले, "पंत, यात्रा सरली तरी गर्दी हटंना. तुमची लई कृपा. आता पुढच्या शिनुमात वाघ हाय."

पंत तडक सिनेमागृहात गेले. दुपारची वेळ होती. रिकाम्या बाकांमध्ये शिवयोगी भिंतीला पाठ टेकून बसला होता.

"पेटी शनिवारी आली, हे तुम्हाला ठाऊक होतं," पंत म्हणाले.

"मीच उतरवून घेतली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"लोक म्हणाले असते, जुना राग काढतोय."

"आता बोला. लिहा. मी खाली सही करतो."

शिवयोगी हसला. "कुठं लिहू? या गावात मला कोण छापतंय? ती व्यवस्था तुम्हीच केलीत."

पंत त्याच्या शेजारच्या बाकावर बसले.

"माझा न्याय करणारा या गावात दुसरा कोणी उरला नाही," ते म्हणाले. "तुम्ही करा. मी ऐकून घेईन."

शिवयोगीने घाई केली नाही. पाट्या वाचतानाही तो आधी वाक्य मनात पुरते करून मगच तोंड उघडीत असे.

"माझ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं होतं, पंत," तो म्हणाला. "मला काढलं तेही बरोबर होतं. तुम्ही आता लिहिणं सोडा."