एकाहत्तर टक्के चालत

बसचा थांबा तुम्ही उखडलात, साहेब. आकड्यांनी उखडला म्हणून सांगू नका. आकड्यांच्या हातात पहार नसते. किनाऱ्यावरचा शेवटचा थांबा, त्याचं पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक आणि बस वळायची ती गोल जागा तुम्ही हॉटेलच्या घशात घातलीत, आणि वर छापलंत की लोकांनाच बस नको आहे. लोकांनी काय सांगितलं आणि का सांगितलं, हे तुम्हाला माहीत आहे. भर सभेत, माइक हातात धरून एका बाईनं ते तुमच्या तोंडावर सांगितलंय. तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघत होतात. आता पहिल्यापासून ऐका.

तिला सगळा किनारा मावशी म्हणायचा. नऊ नंबरच्या बसवर ती एकतीस वर्षं कंडक्टर होती, आणि त्यातली सव्वीस वर्षं पुढे स्टिअरिंगवर एकच माणूस. त्याला ती ड्रायव्हरसाहेब म्हणायची, पण ‘साहेब’ अशा काही आवाजात की नवख्याला वाटावं, भांडण चाललंय. भांडण चाललेलंच असायचं. तो ब्रेक जोरात मारतो हे तिचं म्हणणं, ती घंटी उशिरा देते हे त्याचं. दोघं निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी निकाल लागला नव्हता. रोज साडेचारच्या नऊ नंबरने दोघं यायची, शेवटच्या थांब्यावर उतरायची आणि बाकावर बसून नव्या ड्रायव्हरने गाडी कशी वळवली यावर तोंडसुख घ्यायची.

“बघितलंत? दोनदा रिव्हर्स घेतला.”

“तुम्ही एकदा खांबच घेतला होतात, ड्रायव्हरसाहेब.”

“घंटी कोणी दिली नव्हती?”

त्याचा डावा गुडघा क्लचने खाल्ला होता. बाकापासून वाळूच्या कडेपर्यंत काठी टेकत चाळीस पावलं, एवढंच त्याचं चालणं उरलं होतं. बायको गेल्यापासून घराबाहेर पडणंही एवढंच. बाकीचा दिवस तो साडेचार वाजायची वाट बघत काढायचा. हे त्याने कधी सांगितलं नाही, पण मावशी त्याच्या आधीच्या थांब्यावर बसमध्ये चढायची आणि खिडकीतून तिला दिसायचं, हा माणूस कधीचाच केस विंचरून, बूट पुसून उभा आहे.

एका रविवारी तिची भाची घरी आली. भाची हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. हे हॉटेल पूर्वी दुमजली होतं, चाळीस खोल्यांचं, आणि त्याचा म्हातारा मालक स्वतः थांब्यावर येऊन मावशीला विचारायचा, पाहुण्यांना परतीची शेवटची गाडी किती वाजता सांगू? आता तो नाही. आता तिथे तीनशे खोल्या आहेत, आणखी दोन मनोरे उठणार आहेत.

“मावशी, थांबा हलवतायत,” भाची चप्पल काढता काढता म्हणाली. “मोठ्या रस्त्यावर नेणार. थांब्याच्या जागी सहा मजली पार्किंग येतंय.”

“मोठ्या रस्त्यावर? तिथून किनारा दीड किलोमीटर आहे. वेड लागलंय का यांना?”

“अहवाल आलाय. मागच्या उन्हाळ्यात ती टोपीवाली मुलं नव्हती का, पाटीएवढा मोबाईल घेऊन फिरत होती? चार हजार दोनशे माणसांना विचारलं, किनाऱ्यावर कसे आलात. शंभरात एकवीस म्हणाले, गाडीने. आठ म्हणाले, बसने.” भाचीने फोनवर बोट फिरवलं. “आणि एकाहत्तर म्हणाले, चालत.”

मावशी आधी हसली. खो खो हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग मध्येच थांबली. हातातला चहाचा कप तिने हळूच ओट्यावर ठेवला.

“अगं, काय झालं?”

“ते मी शिकवलंय,” मावशी म्हणाली.

शिकवलं होतं ते असं. तेव्हा किनाऱ्यावर यायला नऊ नंबरशिवाय दुसरं काही नव्हतं. बसमध्ये माणसं घ्यायची पन्नास, हा नियम. सुट्टीच्या दिवशी थांब्यावर उभी दीडशे, ही वस्तुस्थिती. सहा दिवस कारखान्यात, गोदामात, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबलेली माणसं. कडेवर पोरं, हातात बादल्या, गळ्यात टायरची ट्यूब. त्यांना पुढच्या गाडीने या म्हणायचं, तर पुढची गाडी तासाने. मावशीला ते जमायचं नाही. ती दारात उभी राहून ओरडायची, “पुढे सरका, पोटं आत घ्या, मागच्यालाही समुद्र बघायचाय!” पन्नासाच्या जागी ऐंशी-नव्वद आत जायची. तिकीट मात्र प्रत्येकाला फाडायची. फुकटा कोणी जायचा नाही.

भानगड एकच. शेवटच्या थांब्यावर चेकर उभा असायचा, उतरणारी डोकी मोजायला. म्हणून ड्रायव्हरसाहेब बर्फाच्या कारखान्याच्या वळणावर गाडी उभी करायचा. इंजिन तापलंय, असं पुटपुटत. जादा चढलेली तीस-चाळीस माणसं तिथे उतरायची आणि उरलेली दोनशे पावलं चालत जायची. मावशी प्रत्येकाच्या कानात सांगायची, “कागदवाल्याने विचारलं कसे आलात, तर म्हणायचं चालत.”

एकदा चेकरला संशय आला. त्याने पाच-सहा वर्षांच्या पोरीला गाठलं.

“काय गं, कशी आलीस?”

“चालत!” पोरगी म्हणाली. तोंडात तिकीट धरलेलं.

चेकरने तिकिटाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, “बरीच चाललीस गं, बाळा.” त्यालाही घरी पोरं होती. असले चेकर तेव्हा होते.

त्या दिवसापासून किनाऱ्यावर ते रुळलंच. हातात कागद घेतलेला माणूस दिसला की चालत. बसने आला तरी चालत, सायकलने आला तरी चालत. पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, बस बदलल्या, चेकर गेले, मशीन आलं, पण बाप लेकराला वाळूत किल्ला शिकवतो तसं हेही शिकवत राहिला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ड्रायव्हरसाहेब अँब्युलन्समधून घरी आला, तेव्हा शेजाऱ्याने विचारलं, कसे आलात? स्ट्रेचरवरून म्हणाला, चालत. सगळी गल्ली हसली.

आणि दिवस मावळताना परतीची गाडी. ओली डोकी, खारट अंगं, एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली. कोणीतरी गुणगुणायचं, कोणी ओरडायचं नाही. डेपोत गेल्यावर मावशी झाडू मारायची, रोज बादलीभर वाळू निघायची. ती फेकायची नाही. बादली ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायची आणि सकाळच्या पहिल्या फेरीला किनाऱ्यावर नेऊन ओतायची. समुद्राचं समुद्राला. ड्रायव्हरसाहेब म्हणायचा, “बाई, एवढ्याशा वाळूने त्याला काय फरक पडतो?” ती म्हणायची, “त्याला नाही पडत. मला पडतो.”

भाची येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाकावर तिने ड्रायव्हरसाहेबाला अहवालाचं सांगितलं.

“मला पण विचारलं होतं त्या टोपीवाल्या पोरीने,” तो म्हणाला. “इथेच, याच बाकावर.”

“माहितेय. मी शेजारीच होते. मीच कोपराने ढोसलं तुम्हाला.”

“मी म्हणालो, चालत.” त्याने काठी वर धरली. “ही हातात असताना. तिने काठी बघितली, गुडघ्याचा पट्टा बघितला आणि खूण केली. चालत.”

दोघं हसली, पण ते हसू मागच्यासारखं नव्हतं.

“मी सभेत जाऊन सांगणार आहे,” मावशी म्हणाली.

“काय सांगणार? एकतीस वर्षं नियम मोडले? समोर खात्याचेच लोक बसणार. पेन्शनची चौकशी लावतील. गप्प बसा, बाई. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“आणि थांबा?”

“जाऊ द्या थांबा. मला आता समुद्राचा कंटाळा आलाय.”

इतक्या वर्षांत इतकं वाईट खोटं तो पहिल्यांदाच बोलला होता.

हरकती ऐकायची सभा कुठे ठेवली होती? हॉटेलात. त्यांच्याच हॉलमध्ये. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, हुडहुडी भरेल असा गारवा, भिंतीवर नकाशा. नकाशात थांब्याच्या जागी करड्या रंगाचा चौकोन, सहाशे गाड्यांचा. पैकी पावणेपाचशे पाहुण्यांसाठी राखीव, हे खाली मुंगीएवढ्या अक्षरात. लाँड्रीतल्या बायका मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. भाची त्यांच्यात होती, मान खाली घालून. नोकरी तिचीही तिथलीच. मावशीने तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. उगाच कोणाच्या लक्षात यायला नको.

अधिकारी गोड बोलला. तो अधिकारी तुम्हीच होतात, साहेब. रस्ते अरुंद आहेत, सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तास गाड्या अडकतात, पार्किंग हवंच. आणि हे आकडे आमचे नाहीत, तुमचेच आहेत. मग जरा सलगी दाखवावी म्हणून त्याने हसत विचारलं, “आज तरी सगळे कसे आलात?”

“चालत!” अख्खा हॉल ओरडला.

हशा पिकला. अधिकाऱ्याने शेजारच्याकडे बघून हात पसरले. बघा, मी काय म्हणत होतो.

मावशी उठली. ड्रायव्हरसाहेबाने तिच्या पदराचं टोक धरलं होतं, ते तिने सोडवलं आणि माइक घेतला.

“हसू नका,” ती म्हणाली. आवाज तोच, नव्वद माणसांवरून मागच्या दारापर्यंत जाणारा. “साहेब, हे खोटं मी शिकवलंय. नऊ नंबरची कंडक्टर. पन्नासाच्या गाडीत नव्वद घ्यायची आणि वळणावर उतरवायची. एकतीस वर्षं. लिहून घ्या, काय करायचं ते करा. ही माणसं कागद बघितला की चालत म्हणतात, कारण मी त्यांना तसं सांगितलंय.” मग ती लोकांकडे वळली. “आता ऐका. चेकर गेला. खरं सांगा. बसने कोण कोण आलं?”

आधी पुढच्या रांगेत काठी वर गेली. मग एक हात, मग दहा, मग हॉलभर हात. मागे भिंतीशी इस्त्रीने पोळलेले हातही वर गेले. पहिला भाचीचा.

अधिकारी म्हणाला, “आपल्या भावना पोचल्या. पण सर्वेक्षण पूर्ण झालंय. आजचे हात त्यात धरता येणार नाहीत.”

“नका धरू,” मावशी म्हणाली. “तुमचाच आकडा धरा. चार हजार दोनशेतली एकाहत्तर टक्के, म्हणजे जवळजवळ तीन हजार माणसं चालत आली. कुठून?”

“म्हणजे?”

“मागची गल्ली होती, अठ्ठावन्न घरांची. ती हॉटेलने बारा वर्षांपूर्वी पाडली. आता इथून दीड किलोमीटरात एक घर नाही, साहेब. एका बाजूला हॉटेल, एका बाजूला त्याचं जुनं पार्किंग, समोर पाणी. हॉटेलच्या पाहुण्यांना तर तुम्ही विचारलंच नाही, अहवालात तसं लिहिलंय. मग तीन हजार माणसं, लेकरंबाळं, म्हातारी, टायरच्या ट्यूबा घेतलेली, चालत आली कुठून? समुद्रातून वर आली? तुमच्या एकाही माणसाला ते विचारावंसं वाटलं नाही?”

अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. म्हणाला, प्रश्न नोंदवून घेतलाय, लेखी उत्तर मिळेल.

पेन्शनची चौकशी महिनाभरात लागली. तिचं पत्र वेळेवर आलं. थांबा तिसऱ्या महिन्यात गेला. बाक फुटत नव्हता म्हणून त्यांनी मशीन आणलं. प्रश्नाचं उत्तर मात्र आलेलं नाही. अकरा महिने झाले.

नऊ नंबर आता मोठ्या रस्त्यावर थांबते. मावशी तिथे उतरते आणि पार्किंगच्या भिंतीकडेने, मधे दोनदा टेकत, किनाऱ्यावर जाते. ड्रायव्हरसाहेब येत नाही. समुद्राचं नाव काढलं की म्हणतो, कंटाळा आलाय म्हणून सांगितलं ना. पण साडेचारला तो अजूनही केस विंचरून बूट घालतो, हे त्याच्या सुनेनं सांगितलं. परवा मावशीने वाळूवर पोचून त्याला फोन लावला आणि फोन लाटांकडे धरला. बराच वेळ धरला.

मग त्याने विचारलं, “कशी गेलात, बाई?”

“चालत,” ती म्हणाली.

यावर दोघं नेहमी हसायची. या वेळी तो म्हणाला, “घंटी द्या,” आणि तिने जिभेने टाळूवर टक टक केलं, दोनदा, गाडी सोडताना द्यायची तशी. फोन ठेवला गेला.

तेव्हा साहेब, नोंदवून घेतलेला तो कागद काढा. ज्या फायलीखाली दाबलाय तिथून काढा. हॉटेलने लिहून दिलेलं नको, वकिलाचं नको. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने, एका वाक्यात लिहा: ती तीन हजार माणसं चालत आली, तर कुठून आली?