माझ्यात ठेवलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि बॅटरी दुपारपर्यंतही तग धरत नाही. कारखान्यात माझ्यासारखे हजारो एका दिवसात तयार झाले. पण माझ्या वाट्याला आले तसे काम त्यांच्यापैकी कुणाला मिळाले असेल असे वाटत नाही. मी एका माणसाचा आवाज झालो होतो.

माझे मालक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत. घशाच्या आजारामुळे डॉक्टरांनी त्यांचे स्वरयंत्र काढायचे ठरवले. ऑपरेशनला आठ दिवस होते. ते आठही दिवस मालक मला तोंडापाशी धरून बोलत राहिले. "क्लच हळू सोड." "उजवीकडे घे." "घाबरू नकोस, मी आहे ना!" बायकोसाठी "अगं, ऐकलंस का?" आणि लेकीसाठी "चिमणे, जेवलीस का?" अशी एकशे बारा वाक्ये माझ्यात साठली. शेवटच्या दिवशी आवाज पार बसला होता, तरी एक विनोद सांगून ते स्वतःच हसले. ते हसूही मी जपून ठेवले.

ऑपरेशननंतर ते पुन्हा गाडीत बसू लागले. पडद्यावर प्रत्येक वाक्याचे एक बटण होते; ते दाबत, मी बोलत असे. शिकणारे म्हणत, "सरांचा फोन सरांपेक्षा कमी ओरडतो." घरी मी हाक मारली की स्वयंपाकघरातून मालकीणबाईंचे "आले हो!" ऐकू येई. केवढा मान वाटे मला!

पण वर्षे गेली आणि मी मंदावलो. कंपनीने जन्मतःच माझ्यात कोंबलेली ॲप्स जागा अडवून बसली होती. ती कुणी कधी उघडली नव्हती आणि काढताही येत नव्हती. एकदा मालकांनी "उजवीकडे घे" दाबले, आणि ते माझ्या तोंडून निघेपर्यंत गाडीचा आरसा फाटकाच्या खांबावर आपटून फुटला. स्कूलच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "सर, असं चालणार नाही हो."

वडिलांचा उतरलेला चेहरा लेकीला बघवेना. तिने मला रूट करायचे ठरवले. रूट करणे म्हणजे कंपनीने बंद ठेवलेल्या माझ्या सगळ्यात आतल्या खोलीची किल्ली मिळवणे. मग हवी ती अडगळ काढता येते. तिने हे आधी कधी केले नव्हते. रविवारी दुपारी वडील झोपले असताना तिने व्हिडिओ लावला आणि मला वायरने लॅपटॉपला जोडले.

"त्यांना विचारलंस का गं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"आई, सरप्राइझ आहे! उठतील तेव्हा बघ कसा पळतो ते."

आतल्या खोलीआधी बाहेरचे कुलूप उघडावे लागते. ते उघडताना चोराच्या हाती काही लागू नये म्हणून मी स्वतःला पुसून टाकतो. माझी घडणच तशी आहे. मी पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिले, की सगळे पुसले जाईल, पुढे जायचे का? पण व्हिडिओतला माणूस तोवर पुढच्या पायरीवर पोचला होता. तिने घाईघाईने 'हो' निवडले.

एकशे बारा वाक्ये माझ्यात होती, पण "थांब" म्हणायला मला त्यातले एकही वापरता आले नाही.

मी कोरा होऊन उठलो. रूट झालो, अडगळ गेली, वाऱ्यासारखा पळू लागलो. मालकांनी उठल्यावर सवयीने बोट ठेवले. तिथे बटण नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा शोधले. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, कॉपी ठेवली होती ना कुठेतरी? बाबा?"

कॉपी कुणीच ठेवली नव्हती. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. "कुलूप उघडताना पुसलेलं परत येत नाही, ताई."

मालक चिडले असते तर तिला बरे वाटले असते. त्यांनी वहीत लिहिले, 'फोन छान पळतो आता,' आणि वही तिच्याकडे सरकवली.

यंत्राच्या आवाजात शिकवायला मालक तयार झाले नाहीत. आता ते स्कूलच्या ऑफिसात फॉर्म तपासतात. घरी ते टाइप करतात आणि मी त्याच परक्या आवाजात वाचून दाखवतो. पहिल्यांदा मी तसे पाणी मागितले, तेव्हा मालकीणबाई कोण आलंय ते बघायला दाराशी गेल्या.

मित्रांनो, आमची कुलपे उघडायला जरूर शिका. पण आत कुणाचे काय ठेवले आहे ते आधी त्या माणसाला विचारा, त्याची दुसरी प्रत करून ठेवा, आणि आम्ही पडद्यावर लिहितो ते नीट वाचा. आम्ही एकदाच विचारतो.